वाजणारं दळण

फैजपूरला, सुपडू झोपेच्या गिरणीच्या वर
आमच्या दोन खोल्या. भिंत दिवसभर थरथरते.
पहिल्या महिन्यात वाटलं, इथे काय लिहून होणार.
आता वीज गेली, पट्टा थांबला
की माझी बोटंही थांबतात.

शब्दाला पस्तीस पैसे.
या आठवड्यात सुरतच्या दुकानासाठी चाळीस साड्या,
एकीलाही 'मोहक' म्हणायचं नाही, ही अट.
एकोणिसावीला मी मोरपंखी म्हणाले,
सव्विसावीलाही.
होतीच ती मोरपंखी, काय करू.
शिवाय पुण्याच्या एका दवाखान्यासाठी
दातांच्या मुळांवर आठशे शब्द:
घाबरवायचं नाही, पण यायला लावायचं.

"घरीच तं राहते ना वो तू दिवसभर?"
म्हणून बोरोले वहिनींची सिलिंडरची पावती माझ्याकडे,
ढाकेंच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे,
आणि साडेबारा ते दोन, कोणाची तरी दोन पोरं.
"काय लिहू राह्यली?"
दात, म्हणते मी.
"अन् पैसे देतात?"
देतात. पुढच्या महिन्यात.

तरी माणसं दारातून येतात, चपला काढतात,
आल्याचं कळतं.
फोनला चपला नाहीत.
फक्त साडीचा रंग बघायला उघडला
आणि पाऊण तासाने मी
कुठल्याशा अनोळखी बाईच्या
लोणच्याच्या बरणीत बुडालेली.

जिन्यातून गिरणी दिसते.
हरभऱ्याची डाळ दळून झाली की
सुपडूभाऊ पुढच्या ज्वारीतली पहिली मूठ
दगड धुवायला म्हणून सोडतो.
ते पीठ कोणाच्याच डब्यात जात नाही.
गाईला जातं.
माझ्या सकाळच्या पहिल्या सहा ओळींना
कालच्या साड्यांचा वास येतो.
इतकी वर्षं मी त्याच ओळी
पुसून पुसून नीट करत बसायचे.
मला गाय नव्हती.

चव्वेचाळीस डिग्रीच्या त्या मंगळवारी
मी फोन कळण्याच्या डब्यात पुरला,
ज्वारी-उडदात, कोपरापर्यंत हात घालून,
वर झाकण, झाकणावर पाटा.
आणि बसले.
कूलरला पाणी नव्हतं, उठले नाही.
किल्ली मागायला कोणी आलं, खुंटीकडे बोट केलं.
सासूबाईंनी पाटा कधी उतरवला,
डबा कधी खाली नेला, कळलं नाही;
मी तेव्हा एका दाताच्या मुळाशी होते.

तिन्हीसांजेला दार वाजलं.
सुपडूभाऊ, भुवया पांढऱ्या, हातात डबा.
"वहिनी, तुमचं दळण वाजू राह्यलं."

दुपारपासून वाजत होतं म्हणे.
रांगेतल्या बायांनी आधी आपापले डबे हलवून पाहिले,
मग एक म्हणाली, उडदात किडा असंल,
एक म्हणाली, किडा गाणं म्हणत नाही.
मग त्याने हात घालून काढला
आणि नंबर लागेपर्यंत तिथेच ठेवला, वजनकाट्यावर.

मी म्हटलं, उचलायचा ना, भाऊ.
तर तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं मी चालत्या दगडात हात घाल म्हणाले.
"दळण चालू असलं की मी
कोणासंगं बोलत नाही," म्हणाला,
"अन् उद्या दगडाले टाकी लावायची.
गिरणी बंद. तुमीबी काय ते बघून घ्या."

नऊ मिस्ड कॉल. सगळे पुण्याचे.
शेवटी एक निरोप:
मजकूर चारशेच शब्द पाठवा, आठशे नकोत.
माझे साडेअकराशे झाले होते.

काचेवर त्याच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा,
रेषा न् रेषा दिसणारा.
पुसायला पदर घेतला
आणि तसाच राहू दिला.
रात्री कळण्याची भाकरी, ठेचा.
सासूबाई म्हणाल्या, आज पीठ जरा जाडच आलं.
उद्या भिंत थरथरणार नाही.
चाळीसावी साडी अजून बाकी आहे,
तिचा रंग मला अजून सापडलेला नाही.